बंद करून दाखवा

वाशी गावच्या बैलबाजारात तो चाकांच्या खुर्चीत बसलेला दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. पाठीत मशीन बसवलंय, ते मणक्याला करंट देतं, असं तो सांगायचा. मग हातातल्या रिमोटचं बटण दाबून, कडुलिंबाच्या झाडाला धरून खरंच उभा राहायचा. लोक तोंडात बोटं घालायचे.

मला तो मशीन खपवणाराच वाटायचा. भाऊ झाडावरून पडून कंबरेखाली लुळा झाला, तेव्हापासून असले लई जण आमच्या दारी येऊन गेले होते. शिवाय मी बैलांचा दलाल. विकणाऱ्यानं चालवून दाखवलेला बैल मी खरा धरत नाही. कासरा स्वतःच्या हातात घेतो.

एकदा तो उभा असताना मी म्हणालो, "आता बंद करून दाखवा."

तो म्हणाला, "समदे चालू करा म्हणतेत. बंद करा म्हणणारे तुमीच पयले." त्यानं रिमोट माझ्या हातात दिला. "दाबा."

मी दाबलं. त्याचे गुडघे दुमडले, झाडावरचा हात सुटला आणि तो माझ्या अंगावर आला. मी त्याला काखेत धरून सावरलं. भावाला रोज उचलताना लागतो, अगदी तसाच तो लुळा भार होता.