गावाला कोण गेलंय?

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. लालबागच्या आमच्या चाळीत कोणी कागद-पेन्सिल घेऊन जिना चढला की दारं लोटली जायची. मोर्च्याला गेलेल्यांची नावं पोलिसांना हवी असतील, ही भीती. अशात एक तरुण डॉक्टर क्षयाचे रोगी मोजायला आले. जिथे रोगी जास्त, तिथे आधी एक्स-रेची गाडी जायची होती. मी विमा कचेरीत आकडेमोड करणारा. चाळकऱ्यांनी डॉक्टरांवर नजर ठेवायला मला बरोबर धाडलं.

शेवटच्या दारापर्यंत एकच उत्तर मिळालं, "आजारी कोणी नाही."

माझा शेजारी गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. तो दाराआड खोकत होता आणि बायको उंबऱ्यात उभी होती. "नाव लिवलात तर गिरणीवाले ह्यांका काढतले, भावजी," डॉक्टर पुढच्या दाराशी गेले तशी ती हळूच म्हणाली. मागे वळकटी बांधून ठेवलेली. बोटीने कोकणात गावी धाडायचा बेत. आमच्याकडची रीतच ती. अंगात ताकद असेतो गिरणी, ताप उतरेना की गाव. तिथे औषध कुठलं?

डॉक्टर मात्र खुशीत. "चाळ निरोगी आहे हो तुमची! गिरगावात रोगी सापडले, गाडी तिकडे जाईल."

"गिरगावातले लोक आजारपणातही तिथेच राहतात. आमचे गावाला जातात. तुमच्या या शून्यावर माझा विश्वास नाही."

"मग काय, भिंतीला कान लावून खोकला मोजू?"

"प्रश्न बदला. गावाला कोण गेलंय आणि परत का आलं नाही, एवढंच विचारा. नावं नकोत."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही कुठल्या पक्षाचे?"

"भाडेकरू आहे."

पुन्हा वर गेलो. आता लोक बोलू लागले. "थोरला शिमग्याला गेला, तिकडेच वारला. खोकलाच होता." "भाच्याला रक्त पडायचं." प्रत्येक मजल्यावर असं कोणी ना कोणी निघालं. डॉक्टर लिहिता लिहिता जिन्यावर बसले.

शेजाऱ्याची बोट सुटण्याआधी गाडी आली. सगळी चाळ गॅलरीत उभी, पण खाली कोणी उतरेना.

"आधी भावजींचो फोटो काढा, मगे बघूया!" शेजारीण वरून ओरडली.

मी सदरा काढून आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ती खाली उभी होती. तिने मला न्याहाळलं, कोपऱ्यावर पोलीस नाही ना ते पाहिलं, मग नवऱ्याला पुढे केलं. त्याने टेबलाशी बसलेल्या माणसाला आपलं नाव सांगितलं. काम कुठे, असं विचारताच म्हणाला, "बेकार आहे."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.