रोज सातचा फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला तर नाहीच. तुम्हालाही सांगावं की नाही — पण आता सुरुवात केलीच आहे.

आई गेल्यावर अण्णा, माझे वडील, सोनपेठला एकटे राहिले. मी परभणीत. त्यांना करमावं म्हणून मीच त्यांच्या टीव्हीवर मालिकांचं ॲप घेऊन दिलं. वर आणखी एक शहाणपणा केला — रोज सात वाजता दोघांनी आपापल्या घरी एकच भाग लावायचा, फोन स्पीकरवर ठेवायचा, सोबत बघायचा. नात्यात माझं कोण कौतुक! अण्णा तर पावणेसातलाच चहा घेऊन बसायचे.

मी खरंखुरं किती दिवस बघितलं? चार? पाच? मला एका जागी दहा मिनिटं बसवत नाही हो. पुढे पुढे मी टीव्ही लावायचेच नाही. अण्णांचा फोन चालू, आणि त्याच फोनवर आवाज बंद करून रील्स — एक संपली की दुसरी. ते मालिकेवर, मधेच स्वतःच्या दुखण्याखुपण्यावर बोलत राहायचे, मी "हं" म्हणायचे. मधूनच "भारी!" तेही खूश, मीही मोकळी.

त्या संध्याकाळी ते म्हणाले, "छातीत लय जड वाटायलंय गं बाई, सकाळपासून."

मी म्हणाले, "हं, भारी झालं."

ते मग "बरं, ठेवतो," म्हणाले.

वाक्य डोक्यात शिरायला दोनेक मिनिटं लागली. पण शिरलं — पक्कं शिरलं. फोन हातातच होता. लावला का मी? नाही. लावला असता तर मी ऐकत नव्हते, कित्येक महिने ऐकत नव्हते, हे त्यांना कळलं असतं. म्हणून मी पुढची रील बघितली. तीही आठवते — कुणीतरी कलिंगड कापत होतं.

सकाळी शेजारच्या काकांनी त्यांना दवाखान्यात नेलं. वाचले. आम्ही सगळे जमलो आणि अण्णांवरच तुटून पडलो. सगळ्यांत मोठ्यानं मी ओरडले — "रोज फोन असतो आपला, मला तरी सांगायचं!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग भावाकडे वळून म्हणाले, "चुकलं माझं. ध्यानातच न्हाई राहिलं सांगायचं."

आजही सातला फोन येतो. मी टीव्ही लावते, एकेक शब्द ऐकते. अण्णा आता फक्त मालिकेबद्दल बोलतात.