थंडीतला हरभरा

माणसाचे नाव विचारण्याआधी त्याच्या जन्माचा हंगाम विचारणारे गृहस्थ पृथ्वीवर एकच असावेत, आणि ते नेमके माझ्या वहिनीचे वडील निघावेत, हे आमच्या घराचे भाग्य. राहुरीला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत त्यांचे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, पारख सुटली नाही. सदऱ्याच्या खिशात आजही भिंग असते, आणि ते शेजारी येऊन बसले की ओल्या गोणपाटाचा मातकट, किंचित आंबूस वास दरवळतो. बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी माझ्या भावाला पगार विचारलाच नाही. "जन्म कवाचा?" "ऑगस्टचा." "खरीप," ते समाधानाने म्हणाले, "पानी लई मागंल, पन टिकंल." माझा मार्चमधला जन्म ऐकून मात्र त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिले. "उशिराची रब्बी. दाना बारीक, पन गोड." लग्नात साऱ्या मांडवाने अक्षता टाकल्या, तेव्हा वधूपिता भिंग डोळ्याला लावून आपल्या मुठीतला एकेक दाणा न्याहाळत होते. "तांदूळ मागल्या सालचा हाय," त्यांनी भटजींना ऐकू जाईल अशा बेताने सांगितले, आणि वाजंत्री थांबल्यावर एकट्याने, सावकाश, आपल्या अक्षता टाकल्या.

पेरणीआधी आजही गावातले लोक बियाण्याची पुडी घेऊन त्यांच्याकडे येतात. ते शंभर दाणे मोजतात, ओल्या गोणपाटात ओळीने मांडून वळकटी करतात आणि आठवड्याने उलगडून किती उगवले ते पाहतात. "शंभरात किती उगवतील ते मी सांगतो," हे त्यांचे ठरलेले वाक्य, "पन कुठला उगवनार न्हाई, ते बियान्याच्या बापालाबी ठाऊक नसतं."

त्या वळकट्यांवर पाणी शिंपडण्याचे काम त्यांच्या धाकट्या भावाचे. वहिनीचे हे काका ऐन कॉलेजात असताना इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू लागले. डॉक्टरांनी आजाराचे नाव स्किझोफ्रेनिया सांगितले. आता नियमाने गोळ्या घेतात, आणि ते आवाज, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, शेजारच्या घरातल्या रेडिओइतके लांब गेले आहेत. आले ठेचून केलेला त्यांच्या हातचा चहा ज्याने प्यायला नाही, त्याला राहुरी कळलेली नाही. काकांचा जन्म पौषातला. ते आजारी पडले तेव्हा भावकीने आईला बोल लावला: हिने ग्रहण पाळले नाही, हिने नको ते खाल्ले. वडीलभावाने तेव्हापासून दोष दिला तो थंडीला. हंगामावर खापर फोडले की आईवर फोडावे लागत नाही, हे त्यांचे साधे गणित मला वहिनीकडून कळले, तेव्हा त्या भिंगाकडे हसून पाहणे मला जमेना.

गेल्या उन्हाळ्यात वहिनीने गोड बातमी दिली. दिवस भरत होते जानेवारीत. त्याच आठवड्यात कोणा जुन्या सहकाऱ्याने तिच्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, मोबाईलवर एक लेख धाडला: हिवाळ्यात जन्मलेल्यांना स्किझोफ्रेनियाचा धोका किंचित अधिक आढळतो, आईला मिळालेले अपुरे ऊन, थंडीतले ताप, अशी कारणे असू शकतील, नक्की ठाऊक नाही. त्यांनी 'किंचित' आणि 'नक्की नाही' एवढे सोडून उरलेला लेख पाठ केला. दुसऱ्याच दिवशी भिंगारला आमच्या दारात टेम्पो थांबला, त्यात एक बाज. ती गच्चीवर चढवण्यात आली. मग रोज सकाळी फोन: "ऊन खाल्लंस का?" वहिनी म्हणे, "अप्पा, पोळले मी!" एकदा अप्पा आमच्याकडे आले असताना एक पाहुणा दारात शिंकला, तर त्यांनी त्याला चपला घालायला लावून परत पाठवला. इथवर आम्ही हसत होतो.

दिवाळीनंतर राहुरीला डोहाळजेवण झाले. हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत वहिनी बसलेली; खोबऱ्याच्या करंज्यांचा दरवळ. पंगत उठल्यावर अप्पा जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरीनबाईला इचारलं मी. बाळ पंधरा-वीस दिवस अलीकडं, पौष लागायच्या आत, काढता यील का म्हनून. लई रागावल्या." वहिनीच्या हातातला गजरा गळून पडला. "अप्पा, माझं बाळ तुम्हाला नासकं बी वाटतं का?" एवढेच बोलून ती रडू लागली.

काका चहाचे आधण टाकून बाहेर आले. कोपऱ्यातली एक वळकटी उचलून त्यांनी भावासमोर उलगडली. ओल्या गोणपाटावर हरभऱ्याचे पांढरे कोंब ओळीने वर आले होते, मधले दोन-चार दाणे तेवढे मुके.

"दादा, ह्ये न उगवनारं मांडताना वळखलं हुतंस?"

"कसं वळखनार? किती त्ये कळतं, कुठलं त्ये न्हाई कळत."

"मंग पोरीला कशापायी रडवतो? आन् समज, झालं काही. माझ्या हातचा चा पितोस का न्हाई रोज?"

अप्पांनी भिंग काढले, पुसले, पुन्हा खिशात ठेवले. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चुकलो, बाई." आयुष्यभर गावाला ऐकवलेले वाक्य स्वतःच्या लेकीच्या वेळी ते विसरले होते. आले घातलेले आधण तोवर उतू गेले होते.

जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, मुलगी झाली. बारशाला मी राहुरीला गेले आणि खोडसाळपणे विचारले, "अप्पा, हंगाम कोणता?" ते चक्क रागावले. "आधी नाव तरी इचार की!"

अंगणात कोवळे ऊन होते. भिंगारहून परत आलेल्या त्या बाजेवर काका भाचीच्या नव्हे, पुतणीच्या लेकीला मांडीवर घेऊन मांडी न हलवता बसले होते. हे नाते त्यांनीच मला, दाणे मोजावेत तसे, दोनदा मोजून सांगितले. ऊन सरकले की अप्पा बाज दोघांसकट थोडी ओढत. मग त्यांनी आपली शाल उतरवली, आणि मला वाटले, बाळावर घालतील. त्यांनी ती काकांच्या खांद्यांवर घातली, कडा नीट खोचल्या, आणि एवढ्या वर्षांनी पहिल्यांदाच विचारत असावेत तसे विचारले, "थंडी न्हाई ना वाजत तुला?"