सिंह कुणाच्या दारात

व्हँकूवरच्या चायनाटाउनमध्ये, पेंडर स्ट्रीटवर माह यिंगचं वाळवलेल्या औषधी मुळ्यांचं दुकान होतं. नवरा गेल्यावर तिने ते विकलं आणि वरच्या खोलीत एकटी राहू लागली. खाली डॅनियल नावाच्या तरुणाने कॉफीचं दुकान थाटलं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण यिंगने पुन्हा तिथे पाऊल टाकलं नाही. खिडकीशी बसून डोळा लागला की तिला कॉफीचा नव्हे, सुकवलेल्या संत्र्याच्या सालींचा वास यायचा. मग रस्ताही मागे मागे सरकायचा. फळ्या ठोकलेल्या गाळ्यांत मासळीवाले ओरडू लागायचे. त्याच्याही आधीची माणसं, चीनमधून बायकोला इकडे आणायची सरकारी परवानगी नसलेली, लाँड्रीच्या वाफेतून बाहेर यायची. त्यांत तिचा सासरा असायचा. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी बरोबर ओळखायची.

चिनी नववर्षाला दोन माणसं आत शिरलेला कापडी सिंह नाचत यायचा, दारावर टांगलेला लेट्यूसचा गड्डा तोंडात घेऊन शुभ म्हणून पानं उधळायचा आणि पुढे जायचा. तिचं दार त्याने कधी चुकवलं नव्हतं. यंदा चुकवलं तर या रस्त्याने आपल्याला पुसूनच टाकलं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. सिंह नाचवणाऱ्यांचा म्होरक्या लुंग जिन्यात भेटला, तेव्हा तिने विषय काढलाच.

"मावशी, सिंह दाराला मान देतो, खिडकीला नाही. आणि दार आता त्या कॉफीवाल्याचं."

"त्याला दारातलं काय कळतं? ढकललं की आत, ओढलं की बाहेर."

लुंग हसला, पण हो म्हणाला नाही.

म्हातारी हट्टाला पेटली. सणादिवशी तिने कपडे वाळत घालायच्या बांबूला गड्डा बांधला आणि खिडकीबाहेर धरून बसली. ढोल जवळ आले आणि पुढे निघूनही गेले. तिचे हात भरून आले, डोळेही. तरी बांबू आत घ्यायला मन होईना.

मग ढोल थांबले. सिंह मागे वळला, खिडकीखाली आला. आतल्या एकाच्या खांद्यावर दुसरा चढला, सिंहाने गड्डा तोंडात धरला आणि फाडलेली पानं थेट दारातल्या डॅनियलच्या डोक्यावर पडली. गडी आधी बावरला, मग हसला आणि आतून झाडू घेऊन आला.

सणाच्या दिवशी झाडू म्हणजे घरचं नशीब आपल्याच हाताने बाहेर लोटणं. यिंग धडपडत जिना उतरली, उंबरठा ओलांडून आत गेली आणि त्याच्या हातातला झाडू धरला.

"आज नाही रे बाबा," ती आपल्या भाषेत म्हणाली.

त्याला अक्षरही कळलं नाही, पण त्याने झाडू सोडला. तिने न बघताच दारामागे हात घातला. झाडू अडकवायचा तिचा खिळा तिथेच होता.