पडलं तर कुठं पडंल?

आबा कुणाच्याही घरी गेले, की चहाच्या आधी वर बघत. मग खुद्द यजमानालाच विचारत, "पडलं तर कुठं पडंल हे?" वास्तुशांतीच्या पंगतीतही त्यांनी हे विचारलेलं मी ऐकलंय. लोहाऱ्यात त्याचा कुणाला राग येत नसे. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांच्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं जड छत, आतच बसलं होतं. आबा अंगणात निजले होते म्हणून वाचले. त्यांची आई आत होती. त्यानंतर ते कुठल्याच छताखाली निजले नाहीत.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती त्यांच्या दम्यामुळं. डॉक्टरांनी थंडीवाऱ्यात निजायला बंदी केली, तेव्हा त्यांची बायको, म्हणजे काकी, आबांना घेऊन माझ्या घरांचे नकाशे काढायच्या दुकानात आल्या. "ह्यांना आत निजवंल असं घर काढून द्या. बाकी काय बी नको." मी म्हटलं, परवा या. दुकानाच्या पाटीवर मीच हौसेनं 'थ्रीडी' असं लिहून घेतलं होतं. भोगणं आलंच.

आबांना उपड्या टोपलीसारखं गोल, हलक्या पत्र्याचं छत हवं होतं. "पडलं तर भाईर घसरावं. माणसावर न्हाय." त्यात जागेचा एक कोपरा रस्त्यात गेलेला, म्हणून भिंत तिरकी. माझ्या नकाशाच्या प्रोग्रामला मात्र सपाट छत आणि सरळ उतार, एवढंच कळायचं. गोलाई हवी तर अरुंद पट्ट्या एकीला एक चिकटवायच्या, प्रत्येक थोडी जास्त झुकवायची. सरळ भिंतींवर ते जमलं. तिरक्या कोपऱ्यात पट्ट्यांची भांडणं लागली. एक हवेत तरंगायची, तर दुसरी भिंत फोडून काकींच्या स्वयंपाकघरात शिरायची. मान आखडली, डोळे चुरचुरायला लागले, परवाचे कितीतरी परवा झाले.

आबा रोज येऊन खुर्ची ओढून बसत. "काय इंजिनेर, झालं का वाकडं?"

"होतंय, आबा."

"लई दमलाव वाटतं. सरळ कुणी बी करतंय, म्हणून तर तुमच्याकडं आलो."

मी इंजिनियर नाही, हे सांगायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही.

अखेर मी हात टेकले. कोपऱ्यात फट राहिली होती. ती दिसणार नाही अशा बाजूनं घर फिरवून ठेवलं आणि आबांना दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

"पडलं तर?"

"ह्यात पडत नाही, आबा. कॉम्प्युटर आहे."

"बरं. मग आत न्या मला. बाज टाकायची तिथं."

नेलं. माउसनं वर बघितलं, तर डोक्यावर नेमकी तीच फट, लांबट, पडद्यावरच्या आभाळानं निळीशार.

"राहिलंय जरा तेवढं. बुजवतो."

आबांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "नगा बुजवू. आभाळ दिसतंय की हितनं. एवढं दिसलं तर निजंन मी."

पत्रेवाल्यानं तिथं पारदर्शक पत्रा बसवला. नव्या घरात गेले त्या दिवशीच आबा आत निजले. काकींनी पेढे पाठवले, आणि ते माझ्या हुशारीचे समजून मी सगळे एकट्यानं खाल्ले.

गेल्या पावसाळ्यात आबा गेले. त्याच बाजेवर, झोपेत. काकींना भेटायला गेलो, तर बाज जरा सरकवलेली आणि उशाशी पातेलं. त्यात वरून थेंब पडत होते.

"काकी, गळतंय?"

"पैल्यापासनं."

"मग सांगितलं का नाही?"

"ह्यांनी बजावलं व्हतं. इंजिनेराला कळू द्यायचं न्हाय, यिऊन बुजवील."

मी वर बघत राहिलो. काकींनी पातेलं उचलून मोरीत रिकामं केलं, परत जागेवर ठेवलं.

"आता बुजवा, बाबा," त्या म्हणाल्या. "मला न्हाय आता ह्या वयात पातेली उचलवत."

पत्रेवाल्याला नेऊन ती फट बुजवली. माझ्या कॉम्प्युटरमधली मात्र तशीच आहे. काम नसलं की ते घर उघडतो, पट्ट्या ओढून बघतो, दमतो. मग आत जातो, बाजेच्या जागेवरून वर बघतो. ती काही मला बुजवता येत नाही.