नागोरावांनी गाळलेला 'मे'

हिंगोलीहून मुंबईत येऊन महापालिकेच्या पाणीखात्यात नोकरी केलेले नागोराव निवृत्तीनंतर भाईंदरला, इंद्रलोकमध्ये राहायला आले. मुलगी स्नेहल नोकरीसाठी स्पेनला गेली आणि तिने तिथलाच नवरा केला. तेव्हा नागोरावांनी एकच हट्ट धरला. विहीणबाईंशी आपण त्यांच्या भाषेत बोलायचं. म्हणून शेजारच्या बिल्डिंगमधल्या अनुष्काकडे स्पॅनिशचा क्लास लावला. कॉलेजच्या पोरापोरींत पांढऱ्या मिशांचे हे एकटेच.

गाडी अडली ती एका चिमुकल्या 'मे'वर. अनुष्काने समजावलं, की मराठीत आधी 'उठणे', मग त्यावरून 'उठवणे'. स्पॅनिशमध्ये उलटं. मूळ क्रियापदच 'उठवणे'. स्वतः उठायचं तर आधी 'मे' लावायचा, म्हणजे 'मी मला उठवतो'. 'मे बान्यो' म्हणजे मी अंघोळ करतो. नुसतं 'बान्यो' म्हणजे मी अंघोळ घालतो, दुसऱ्या कोणाला तरी. नागोरावांना काही हे पटेना. माणूस आपला आपणच उठतो, त्यात 'मला' कशाला सांगायचं? त्यांनी 'मे' सरळ गाळून टाकला.

पहिल्या व्हिडिओ कॉलवर त्यांनी विहीणबाईंना, म्हणजे पिलारबाईंना, पाठ केलेली दिनचर्या ऐकवली. पहाटे उठवतो, अंघोळ घालतो, कपडे चढवतो, रात्री निजवतो. पिलारबाई गंभीर झाल्या.

"आ किएन?" त्यांनी हळूच विचारलं. म्हणजे, कोणाला?

नागोरावांना वाटलं, मागे खुर्चीत डुलकी घेणारी ती कोण, असं विचारतायत. त्यांनी अभिमानाने बायकोकडे हात केला. "वैजयंता."

पिलारबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

डिसेंबरात त्या स्नेहलबरोबर भाईंदरला आल्या, त्या बाथरूममध्ये घसरू नये म्हणून रबराची चटई घेऊनच. नागोरावांचे दोन्ही हात त्यांनी बराच वेळ हातात धरले. वैजयंताबाईंना तर दंडाला धरून खुर्चीत बसवलं. बाईंना काही कळेना. स्नेहलने त्यांना स्वयंपाकघरात नेऊन, हसू दाबत, सगळा घोळ सांगितला आणि आत्ताच खुलासा करते म्हणाली.

"राहू दे गं," वैजयंताबाई म्हणाल्या. "थोडे दिवस राहू दे."

आजवर नागोरावांना स्वतःचा टॉवेलसुद्धा बायकोला हाक मारल्याशिवाय सापडला नव्हता. आता पिलारबाई कौतुकाने बघत असायच्या आणि वैजयंताबाई खुर्चीतून बारीक आवाजात, अहो चहा, अहो चपला, असं सांगायच्या. एकदा तर त्यांनी नागोरावांकडून वेणी घालून घेतली. स्नेहलकडून घोळ कळल्यावर नागोराव खुलासा करायला तोंड उघडायचे, पण ती आईच्या बाजूने, काही सांगायला तयार नाही, आणि जवळची सगळी वाक्यं बिन'मे'ची. दर वाक्यागणिक पिलारबाईंचा आदर वाढतच चालला.

शेवटी बायका तारोडीला समुद्र बघायला गेल्याची संधी साधून ते अनुष्काकडे धावले. ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. मग तिने त्यांच्याकडून दोन वाक्यं घोटून घेतली. संध्याकाळी मंडळी परतल्यावर नागोराव हॉलमध्ये उभे राहिले.

"यो मे बान्यो. एया से बान्या." मी माझी अंघोळ करतो, ती तिची करते.

पिलारबाई शांतपणे काहीतरी लांबलचक बोलल्या. स्नेहलने मराठीत सांगितलं, "सासूबाई म्हणतायत, ते मला तारोडीलाच कळलं. वैजयंताबाई माझ्या चपला हातात घेऊन माझ्या आधी खडकावर चढल्या. पण माझ्या नवऱ्याने जन्मात माझी वेणी घातली नाही. म्हटलं, हे किती दिवस चालतंय ते तरी बघू."

नागोरावांनी बायकोकडे पाहिलं. त्या पदराआड हसत होत्या. मग नागोरावांनाही हसू फुटलं आणि ते आपणहून चहा टाकायला आत गेले.

चहा गोडमिट्ट झाला होता. पिलारबाईंनी पूर्ण प्यायला. वैजयंताबाईंनी अर्धा परत पाठवला.