प्रागचा कायदेपंडित

प्रागहून दुबईला येताना तो शेजारच्या सीटवर होता. हेम्पपासून, म्हणजे भांगेच्या झाडापासून, बनवलेल्या नशेच्या गोळ्या लिमलेटसारख्या चघळत, चष्मा कपाळावर चढवून मला शिकवत होता, "तिकडे एकावर बंदी आली की रसायन जरासं बदलतात. नवीन माल पुन्हा लीगल! आपले लोक उगाच घाबरतात."

दुबईत असलं काही सापडलं तर थेट तुरुंग. बॅगा तपासायच्या रांगेत पंडितजींचा चष्मा नाकावर आला. उरलेल्या गोळ्यांचं पाकीट माझ्या ट्रॉलीवर, लेकीच्या दुधाच्या बाटलीमागे सरकवत ते पुटपुटले, "ताई, बाळ असलं की कोणी तपासत नाही."

मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "दादा, तुमचा कायदा माझ्या ट्रॉलीवर राहिलाय. उचला."

रांगेतले मागचे 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला, चला, करत होते. पंडितजींचे पाय मात्र हलेनात.